पीच: खरेदी, आढी आणि स्वयंपाक. नाशिकच्या घरगुती प्रकल्पाच्या नोंदी

९ मे

मे ते जुलै या काळात नाशिकच्या बाजारात येणारा ताजा पीच घरी आणायचा, पिकवायचा, आणि ज्या फळाची जी कुवत असेल त्या कामाला तो लावायचा, एवढाच हा प्रकल्प. हे फळ महाराष्ट्राचं नाही. आधी पंजाबच्या मैदानी भागातला लवकर तयार होणारा माल येतो. शान-ए-पंजाब, फ्लोरडा प्रिन्स ही त्यातली ओळखीची वाणं. त्यानंतर हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगरातला माल सुरू होतो. आपल्या हातात पडेपर्यंत फळाने दीड हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास केलेला असतो. तो सोसावा म्हणून फळ कडक असतानाच तोडतात.

आपल्याकडे आढी म्हटली की आंबा, आणि पीचच्या बाबतीत पहिला घोटाळा इथेच होतो. कच्च्या आंब्यात पिठूळ साठा, म्हणजे स्टार्च, भरपूर असतो आणि आढीत त्याची साखर होते. पीचमध्ये तोडणीच्या वेळी स्टार्च जवळजवळ नसतोच. घरी ठेवल्यावर पीच मऊ होतो, त्याला वास सुटतो, आंबटपणा थोडा उतरतो. साखर मात्र झाडावर जेवढी भरली तेवढीच राहते. त्यामुळे फिका पीच घरी कितीही जपला तरी गोड होणार नाही. गोडी बाजारातच निवडून आणावी लागते.

१० मे. खरेदी

पेठ रोडच्या बाजार समितीत पीच पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतो. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या फळवाल्यांकडे तोच माल नगावर किंवा किलोवर सुटा मिळतो. घाऊक खोकं स्वस्त पडतं, पण खालचा थर बघितल्याशिवाय घेऊ नये. वरचा थर नेहमीच देखणा लावलेला असतो.

निवडताना लालीकडे बघायचं नाही. लाली वाणाची आणि उन्हाची असते, आणि काही वाणं पूर्ण कच्ची असतानाही लालभडक दिसतात. बघायचा तो लालीखालचा मूळ रंग. फळ उलटं धरून देठाच्या खळग्यात डोकवा. तिथे सावली असल्यामुळे लाली पोचत नाही आणि खरा रंग उघडा राहतो. तो पोपटी असेल तर फळ कोवळं तोडलंय. हिरवट छटा जाऊन पिवळसर झालेला असेल तर फळ झाडावर भरलेलं आहे, घरी चांगलं पिकेल. पांढऱ्या गराच्या वाणात याच जागी दुधट, सायीसारखा रंग हवा.

देठाजवळ बारीक सुरकुत्या दिसल्या तर ते फळ सोडा, मग रंग कितीही चांगला असो. कोवळ्या तोडलेल्या फळातलं पाणी लवकर उडतं आणि ते आधी तिथेच आकसतं. देठाच्या टोकाशी चीर किंवा भोक असेल तर आत कोय दुभंगलेली असण्याचा संभव मोठा. अशा पोकळीत बुरशी किंवा कीड निघते. कडक असलं तरी असं फळ नको.

बोटांच्या टोकाने दाबून बघू नये. तो डाग लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी चकंदळ उमटतं. फळ तळहातावर घेऊन अंगठ्याच्या बुंध्याने खांद्याकडे, म्हणजे देठाच्या बाजूला, हलकेच दाब द्या. किंचित दबलं की आढी अर्धी झालेली. अजिबात दबलं नाही पण रंग पिवळा असेल, तर घरी पिकवायला हाच माल उत्तम.

एक फळ तिथेच विकत घेऊन कापून बघावं. बरेच विक्रेते हरकत घेत नाहीत. या एका फळावरून पूर्ण खोक्याचा अंदाज येतो. कशाचा, ते ३ जूनच्या नोंदीत.

११ मे. आढी

पीच उत्तम पिकतो तो १८ ते २५ अंश सेल्सिअसला. मे महिन्यात नाशिकची दुपार ३८-४० अंशांवर जाते आणि गच्चीखालचं स्वयंपाकघर ३३-३४ वर असतं. त्या उष्णतेत फळ बाहेरून ढिलं पडतं, आतून कडक राहतं, आणि वासही नीट सुटत नाही. म्हणून जागा निवडणं महत्त्वाचं. घरातली सर्वांत आतली खोली, फरशीवर, भिंतीलगत. शहाबादी फरशी असेल तर फारच छान. संध्याकाळनंतर खिडक्या उघड्या ठेवायच्या, कारण मे महिन्यातही नाशिकची रात्र बरीच उतरते. वॉटर कूलरची हवा थेट फळावर सोडू नये, ती दमट असते.

गवतात थरावर थर लावायची आंब्याची पद्धत इथे चालत नाही. पीचची साल पातळ, गर नाजूक. वरच्या थराच्या वजनाने खालचा चेपतो, आणि गवताची ऊबही नको आहे. एकच थर लावा. देठाची बाजू खाली, कारण ती रुंद असल्याने वजन पसरतं. दोन फळं एकमेकांना टेकता कामा नयेत. एकाला बुरशी लागली तर टेकलेल्या जागेतून ती शेजारी जाते. खाली कोरा कागद किंवा जुनं धुतलेलं सुती कापड. वर्तमानपत्र नको, शाई सालीला लागते.

घाईच्या फळांसाठी तपकिरी कागदी पिशवी: चार-पाच फळं, सोबत एक पिकलेलं केळं, तोंड नुसतं दुमडलेलं. पीच आणि केळं दोन्ही इथिलीन वायू सोडतात, तो पिशवीत साठला की पिकणं वेगाने होतं. कडक पण पिवळं फळ साधारण दोन ते तीन दिवसांत तयार होतं. प्लॅस्टिकची पिशवी कधीही नको. त्यात घाम धरतो आणि देठाच्या खळग्यात पांढरी बुरशी दिसू लागते.

सकाळ-संध्याकाळ प्रत्येक फळ बघायचं. तयार झालं की लगेच फ्रिजमध्ये, तिथे ते तीन-चार दिवस टिकतं. खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवलं तर वास परत येतो.

१३ मे. ब्रिक्स आणि विभागणी

नाशिकमध्ये राहण्याचा फायदा असा, की द्राक्षाच्या बागायतदाराकडे ब्रिक्स मीटर, म्हणजे रसातल्या गोडीची टक्केवारी दाखवणारं उपकरण, हमखास मिळतं. हंगाम संपल्यावर ते कपाटात पडूनच असतं. पीचला ते तसंच चालतं. लालीच्या बाजूची गोडी आणि सावलीच्या बाजूची गोडी सारखी नसते, त्यामुळे दोन्हीकडच्या फोडी पिळून रस एकत्र करायचा आणि दोन थेंब काचेवर. रस तापलेला नको. बहुतेक मीटर ३० अंशांपर्यंतच तापमानाची दुरुस्ती आपोआप करतात, त्यामुळे भर दुपारचं मोजमाप भरवशाचं नाही.

द्राक्षाची सवय असलेल्या डोळ्यांना पीचचे आकडे लहान वाटतील. १० ते १४ ही पीचची नेहमीची रेंज. आमची विभागणी अशी ठरली: १२ च्या वर, नुसतं खायला आणि शिकरणाला. १० ते १२, जॅम आणि पीचखंड, म्हणजे पीचचं श्रीखंड. १० च्या खाली, किंवा पिवळटपणा न आलेली कडक फळं, मेथांबा आणि कोशिंबीर. प्रत्येक फळ मोजत बसायची गरज नाही. एका खोक्यातली दोन-तीन फळं मोजली की बाकीचं डोळ्यांनी आणि नाकाने कळतं.

शिकरणाबद्दल इथेच: दूध थंडगार हवं आणि फोडी वाढायच्या वेळीच घालायच्या. पिवळ्या गराचा पीच आंबट असतो, कोमट दूध त्याने नासतं. पांढऱ्या गराचा मिळाला तर शिकरणाला तोच घ्यावा.

१४ मे. मेथांबा

कच्च्या, फिक्या पीचचं सोनं करणारा पदार्थ हाच. कैरीच्या मेथांब्यापेक्षा दोन गोष्टी बदलतात: गूळ कमी लागतो आणि आंबटपणा बाहेरून द्यावा लागतो.

कडक पीच सोलून, कोय काढून ५०० ग्रॅम फोडी. कैरीच्या फोडी १०० ग्रॅम. किसलेला गूळ २०० ग्रॅम. तेल २ मोठे चमचे, मोहरी अर्धा लहान चमचा, मेथी दाणे १ लहान चमचा, हिंग, हळद पाव चमचा, लाल तिखट दीड लहान चमचा, मीठ दीड लहान चमचा, पाणी पाव वाटी.

कडक फळाची साल गरम पाण्याने सुटत नाही, सोलाण्यानेच काढायची. या टप्प्यावर कोयही गर सोडत नाही, त्यामुळे कैरीसारख्या बाजूने फोडी उतरवून घ्याव्यात.

फोडणीत मोहरी तडतडली की आच मंद करून मेथी घाला. नजर हलवू नका. दाणा आधी पिवळा, मग बदामी, मग तांबूस होतो आणि खमंग वास येतो. तांबूस दिसला की हिंग, हळद आणि लगेच फोडी. याच्यापुढे गेला की दाणा काळसर होतो आणि कडूपणा सगळ्या मेथांब्यात उतरतो, कितीही गूळ घाला. फोडी परतून पाणी घालायचं, झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं वाफ. सुरी सहज जाईल इतपत शिजल्या की मग मीठ, तिखट आणि गूळ.

गूळ आधी घातला तर फोडी कडकच राहतात. साखरेचा पाक फोडीतलं पाणी ओढून घेतो आणि गर शिजून मऊ होण्याऐवजी आकसतो. मुरांब्यालाही हाच नियम.

गूळ विरघळल्यावर सहा-सात मिनिटं उकळा, रस चमच्याला चिकटू लागला की बंद. गार झाल्यावर तो आणखी दाटतो. फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस नक्की टिकतो. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, कारण मेथी फुगून मऊ होते.

उरलेल्या अर्धकच्च्या फळांची कोशिंबीर: काकडीइतक्याच बारीक फोडी, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, लिंबू, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. मीठ वाढताना, नाहीतर पाणी सुटतं.

१६ मे. सोलणं, काळं पडणं, पीचखंड

पिकलेल्या फळाच्या बुडाला सुरीने फुलीसारखी हलकी चीर द्या. खळखळत्या पाण्यात ३० ते ४५ सेकंद, तिथून थेट बर्फाच्या पाण्यात. साल चिरेपासून वर सरकते. एका वेळी चारच फळं टाका, जास्त टाकली की पाणी थंडावतं आणि गर बाहेरून शिजू लागतो. एका मिनिटात साल सुटली नाही तर फळ पिकलेलं नाही. पुन्हा उकळण्यापेक्षा ते आढीत परत ठेवावं.

कापलेला गर हवेला लागला की तपकिरी होतो. रोखायला एक लिटर पाण्यात दोन लिंबांचा रस, फोडी कापल्या की त्यात. जास्त वेळ भिजवल्या तर गोडी पाण्यात जाते, तेव्हा पाच-सात मिनिटं पुरे.

पीचखंडाचं प्रमाण: सवा किलो घट्ट दह्याचा साधारण अर्धा किलो चक्का. उन्हाळ्यात दही फ्रिजमध्येच टांगावं, बाहेर ते रात्रभरात आंबट होतं. पीचचा गर ४०० ग्रॅम, पिठीसाखर २५० ग्रॅम. आमरस चक्क्यात कच्चाच जातो, पण पीचचा गर तसा घातला तर श्रीखंड पातळ होतं, पाणी सुटतं आणि रात्रीत रंग करडा पडतो. पीचमध्ये ८८-८९ टक्के पाणी असतं. म्हणून गरात साखरेतली ५० ग्रॅम साखर घालून पसरट कढईत आटवा, एकूण वजन २५० ग्रॅमवर येईपर्यंत. शिजल्याने तपकिरी करणारं विकरही निकामी होतं आणि रंग केशरी राहतो. पूर्ण गार झाल्यावरच चक्क्यात मिसळायचं. वेलची नको, ती पीचचा वास दाबते. चिमूटभर जायफळ पुष्कळ झालं.

१८ मे. जॅम

पीचमध्ये पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट जमवणारा फळातला घटक, कमी. नुसती साखर घालून आटवत बसलं तर जॅम जमत नाही, चिकट पाक होतो. बाजारातली पेक्टिन पावडर चालते, पण मे महिन्यात नाशिकला त्याहून चांगली सोय आहे ती करवंदांची. त्र्यंबक, हरसूल, पेठ भागातून येणाऱ्या बायका पानाच्या द्रोणात करवंदं विकतात. पिकलेली काळी खायला, आणि हिरवट-लाल कच्ची जॅमला. कच्च्यात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर.

कच्ची करवंदं १५० ग्रॅम, प्रत्येकी दोन तुकडे. चीक पांढरा आणि चिवट असतो, सुरीला आणि बोटांना आधी तेल लावा. २०० मिली पाण्यात १५ मिनिटं मंद उकळून सुती फडक्यातून गाळा. फडकं पिळायचं नाही, पिळलं की चोथा उतरून जॅम गढूळ होतो. साधारण १२० मिली गुलाबी, बुळबुळीत पाणी मिळतं.

आता गर १ किलो, साखर ६५० ग्रॅम, लिंबाचा रस २ मोठे चमचे. गर आधी साखरेशिवाय दहा मिनिटं शिजवा. मग करवंदाचं पाणी, लिंबू, साखर. साखर विरघळेपर्यंत आच मंद, त्यानंतर मोठी. भांडं पसरट आणि एका वेळी एवढंच. मोठा घाणा घातला तर आटायला वेळ लागतो, तेवढ्यात पेक्टिन मोडतं आणि रंग काळवंडतो.

जॅम कधी उतरवायचा, हे बहुतेक ठिकाणी १०४-१०५ अंश असं लिहिलेलं असतं. ते समुद्रसपाटीचं मोजमाप. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून आधी आपला थर्मामीटर नुसत्या उकळत्या पाण्यात धरा, जो आकडा येईल त्यात साडेचार मिळवा. इथे तो १०२.५ च्या जवळपास येतो. नाशिकमध्ये १०५ पर्यंत वाट बघितली तर बरणीत टॉफी मिळेल.

वजनाचा हिशेब यापेक्षाही खात्रीचा. गराचा ब्रिक्स ११, म्हणजे १ किलो गरात ११० ग्रॅम विद्राव्य भाग. अधिक साखर ६५०, मिळून ७६०. जॅममध्ये ६५ टक्के हवेत, तर ७६० भागिले ०.६५, म्हणजे साधारण ११७० ग्रॅम. रिकाम्या भांड्याचं वजन आधी करून ठेवायचं आणि जॅम ११७० वर आला की गॅस बंद. द्राक्षाचं मीटर ३२ पर्यंतच मोजतं, म्हणून पडताळा घेताना १० ग्रॅम जॅममध्ये २० ग्रॅम पाणी नीट मिसळा, गार करा, येईल त्या आकड्याला तीनने गुणा. २१.५ ते २२ दिसलं की काम झालं.

बरण्या आणि झाकणं दहा मिनिटं उकळून कोरड्या केलेल्या. जॅम गरम असतानाच भरायचा, वर अर्धा सेंटिमीटर जागा. करवंदामुळे रंग गुलाबीकडे झुकतो, आम्हाला तो आवडला.

कोयी उकळत्या जॅममध्ये टाकतात किंवा फोडून आतला गर वापरतात, बदामासारखा वास येतो म्हणून. हे करू नये. त्या बियांमध्ये अमिग्डालिन असतं, त्यातून सायनाइड तयार होतं. मिक्सरमध्ये गर फिरवण्याआधी दुभंगलेल्या कोयीचे तुकडे राहिले नाहीत ना, तेही बघावं.

१९ मे

जॅम सुरीने कापल्यासारखा सुटतोय, पाणी नाही. करवंद न घालता फक्त लिंबावर केलेला छोटा घाणा वाटीत वाहतो, चवीला मात्र उत्तम. तो पोळीपेक्षा दह्यावर घ्यावा.

३ जून. पिठूळ माल

या खोक्यातली फळं बाहेरून निर्दोष: रंग पिवळा, दाबल्यावर योग्य मऊ. कापल्यावर गर कोरडा, पिठूळ, कोयीभोवती तपकिरी. फोड पिळली तरी रस येत नाही.

कारण थंडी. पीच दोन ते आठ अंशांच्या पट्ट्यात बरेच दिवस राहिला की त्याचं असं होतं. शून्याच्या जवळ तो जास्त सुरक्षित असतो, आणि नेमकं घरच्या फ्रिजचं तापमान या वाईट पट्ट्यात येतं. थंडीमुळे पेक्टिन मोडणाऱ्या विकरांचा तोल बिघडतो. पेक्टिन अर्धवट मोडतं आणि गरातलंच पाणी धरून बसतं. पाणी फळात असतं, तोंडाला मात्र लागत नाही. प्रवासात किंवा शीतगृहात हे झालं असेल तर बाहेरून काहीही कळत नाही, आणि घरी दुरुस्त होत नाही. बाजारात एक फळ कापून बघायचं ते यासाठी.

यातूनच घरचा नियम: कच्चा पीच फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. आधी पिकवायचा, मग थंड करायचा, आणि लवकर संपवायचा.

नुसता पिठूळ गर आलं-मिरची-व्हिनेगरच्या शिजवलेल्या चटणीत खपतो. तपकिरी झालेला भाग काढून टाकावा, त्याची चव उतरलेली असते.

१७ जून

पाऊस लागला. खोलीचं तापमान २६-२७, म्हणजे आढीला मेपेक्षा सोयीचं, पण हवा दमट. कागदी पिशवी बंद. उघड्या जाळीच्या ताटलीत फळं, मंद पंखा. धुवायचं ते खाण्याच्या आधीच. ओली लव सुकत नाही आणि बुरशी तिथूनच धरते. धुताना वाहत्या पाण्याखाली जाडसर कापडाने चोळलं की लव निघते आणि ओठांना खाजत नाही.

करवंदं संपली. जॅमला आता कैरीचा कीस, एक किलो गराला १०० ग्रॅम.

५ जुलै. एल्बर्टा आणि फ्रीझर

डोंगरातलं जुलै एल्बर्टा हे वाण आलं. फळ मोठं, गर पिवळा, कोय सुटी. शिवणीवरून गोल चीर देऊन दोन्ही अर्धे उलट दिशांना पिळले की कोय मोकळी. मेमधल्या बहुतेक मालाची कोय गराला धरून असते, त्यामुळे साठवणीचं काम या मालावरच करावं. वेळ आणि गर दोन्ही वाचतात.

सोललेल्या दीड सेंटिमीटर जाड फोडी. एक लिटर थंड पाण्यात क जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन साध्या गोळ्या कुटून घाला. चघळायच्या संत्र्याच्या चवीच्या नकोत, त्यात रंग असतो. फोडी त्यात बुडवून निथळा. एक किलो फोडींना २०० ग्रॅम साखर हलक्या हाताने लावून पंधरा मिनिटं थांबा, रस सुटेल. त्या रसासकट डब्यात भरा. वर दोन सेंटिमीटर जागा ठेवा, गोठताना रस फुगतो. फोडी तरंगून हवेत उघड्या पडू नयेत म्हणून वर बटर पेपरचा चुरगळलेला तुकडा. उणे १८ अंश.

पांढऱ्या गराचा पीच पाकात घालून बाटलीबंद करू नये. त्याचा आंबटपणा इतका कमी असू शकतो की नुसत्या उकळत्या पाण्यातली प्रक्रिया पुरेशी सुरक्षित राहत नाही. तो फ्रीझरमध्येच ठेवावा.

डबा वापरताना फ्रिजमध्ये उतरवून अर्धवट वितळू द्यायचा आणि फोडीत थोडा बर्फ असतानाच वाढायच्या. पूर्ण वितळल्या की त्या लिबलिबीत होतात. पीचखंडासाठी मात्र वितळायची वाट बघायला नको, गोठलेल्या फोडी सरळ कढईत टाकून आटवाव्यात. साखर आधीच लागलेली असल्याने वरची ५० ग्रॅम वगळायची.